बिबड्यांवरची सावली

जळगावात राहून 'आमच्याकडे ऊन येत नाही' अशी तक्रार केली, तर समोरचा आधी आपल्या कपाळाला हात लावून ताप बघतो. मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, दुपारी बारा ते चार रस्त्यावर चिटपाखरू नसतं. अशा गावात मी दिवाळीपासून उन्हासाठी रडतोय.

शेजारच्या अण्णांचं बैठं घर होतं. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे कडुनिंब. 'थोडं नीट करून घेतो भो,' एवढंच म्हणाले होते. मग जेसीबी आला. पहिल्या स्लॅबची जिलेबी आम्ही मिटक्या मारत खाल्ली. दुसऱ्याचीही. तिसऱ्याची घशाखाली उतरेना आणि चौथ्याला मी शुगरचं कारण पुढे केलं.

'अजून किती रे?' मिस्त्रीला विचारलं.

'वर टॉवर हाये ना काका.'

राहणार कोण, तर अण्णा आणि काकू. दोन्ही पोरं पुण्यात, वन बीएचकेत सुखी. इथे बाथरूमच सात. अण्णा रोज एकात आंघोळ करतील आणि रविवारी पहिल्यापासून सुरुवात करतील.

खरा घाव बसला तो बिबड्यांवर, म्हणजे आमच्या ज्वारीच्या पापडांवर. ज्वारी भिजवा, दळा, तीळ-तिखट घालून पातेलंभर घाटा शिजवा आणि हात पोळत ओल्या धोतरावर थापा, हा आमच्याकडचा दर उन्हाळ्याचा कुळाचार. आता तीन वाजले की अण्णांचा टॉवर आमच्या गच्चीवर आडवा होतो. मग बायको खालून ओरडते, 'अहो, सावली आली!' आणि मी वर धावतो. धोतर दोन हात पूर्वेला ओढायचं, चारी कोपऱ्यांवर विटा ठेवायच्या, घाम पुसायचा, तोवर सावली पुन्हा काठाशी. खरं तर खानदेशातल्या झळांनी बिबडे सावलीतही कडकडीत वाळतात, पण हे घरात बोलायची माझी छाती नाही.

शेवटी वकील गाठला. म्हणाला, १८८२चा ईझमेंटचा कायदा आहे, २० वर्षं विनाअडथळा उजेड-वारा घेतला असेल तर हक्क सांगता येतो. माझं घर १९९६चं. मी हुरळलो. 'पण तो घरात येणाऱ्या उजेडाचा,' त्याने चष्मा काढला, 'बिबड्यांचा नव्हे.' फी मात्र पूर्ण घेतली.

मग सामासिक अंतरावर, म्हणजे बांधताना हद्दीपासून सोडायच्या जागेवर, आशा ठेवली. पहाटे पाचला टेप घेऊन कंपाउंडला ओणवा झालो, तर वरून अण्णांचा आवाज, 'काही पडलं का भो?' अंतर बरोबर भरलं. उलट दोन इंच जास्तच. ते जास्त लागलं.

एक गोष्ट मी अण्णांना सांगितलेली नाही. आमची पश्चिमेची भिंत रात्री दहापर्यंत तव्यासारखी तापायची. यंदा तिला पाठ टेकून मी दुपारी झोपतो.

परवा काकू आल्या. लिफ्ट तिसऱ्या मजल्यापर्यंतच, गच्चीला जिना, आणि गुडघे तर बोलायलाच नकोत. 'अगं, तुमची गच्ची सोपी पडते. दोन पायली बिबडे घालू का?'

'या की काकू,' बायको म्हणाली. 'फक्त तीनच्या आत आटपा.'