ओला लॅब्रडॉर चालतो

साडूने माझ्या वतीने माफी मागितली. मला न विचारता, माझ्यादेखत, एका परक्या म्हाताऱ्याची. मी काही कुणाच्या पायावर पाय दिला नव्हता. चव सांगितली होती फक्त, आणि तीही विचारल्यावर.

स्थळ पोर्तुगालमधलं व्हिला नोव्हा दे गाया. दोउरो नदीपलीकडे पोर्टो, अलीकडे उतारावर पोर्ट वाइनच्या जुन्या वखारी. साडू लंडनला असतो. त्याने वाइनचा कसलासा कोर्स केलाय, तेव्हापासून तो साधं पाणीही ग्लास गरगर फिरवून पितो. त्याच्याच हट्टापायी आम्ही १९८५ ची व्हिंटेज पोर्ट, म्हणजे त्या एकाच सालच्या द्राक्षांची, चाखायला बसलो होतो. मिळते घोटभर. त्या पैशात पुण्यात चौघं पोटभर जेवून वर मस्तानी पितील.

टेबलावर तिसरे एक इंग्रज आजोबा. मोहरी रंगाची पँट, लाल मोजे, खिशात टिपणवही. हे जन्मले तेव्हा म्हणे यांच्या धर्मपित्याने यांच्या नावाने पोर्ट घेऊन तळघरात ठेवली होती, एकविसाव्या वाढदिवसाला उघडायला. त्यांच्यात पद्धतच आहे तशी. माझ्या बारशाला वाटी-चमचा आला होता, तो आईने पुढच्याच बारशात फिरवला.

आजोबांनी ग्लास नाकाखाली धरला आणि डोळे मिटले. बराच वेळ काही नाही. वाइन ओतून देणारी मुलगी माझ्याकडे बघायला लागली. इथे रुग्णवाहिकेला ११२ लावायचा, हे मी मनातल्या मनात घोकून ठेवलं. मग एक डोळा उघडला.

"कुत्रा," आजोबा म्हणाले.

आम्ही थांबलो.

"ओला. लॅब्रडॉर." दुसरा डोळा उघडला. "म्हातारा, पण समाधानी."

मी हसलो. एकटाच. साडूने गंभीरपणे मान डोलावली, मुलीनेही. आजोबांनी वहीत कुत्र्याची नोंद केली.

"पण फुलं आहेत ना अजून? व्हायोलेट?" साडूने विचारलं.

"व्हायोलेट केव्हाच वारलं," आजोबा म्हणाले, घरातलं माणूस गेल्याच्या सुरात.

झालं, दोघांची जुंपली. साडूच्या मते ही बाटली अजून दहा वर्षं सहज काढेल, आजोबांच्या मते तिचे दिवस भरलेत. मुलीने मध्ये पडून सांगितलं की व्हिंटेज पोर्ट लाकडात असते ती दोनेक वर्षं, पुढचा जन्म बाटलीत, बुचाच्या भरवशावर. चाळीस वर्षांत सगळी बुचं सारखी टिकत नाहीत, त्यामुळे शेजारच्या टेबलावरची त्याच सालची बाटली निराळीही लागेल. म्हणजे दोघंही बरोबर. सगळ्यांचं समाधान झालं, आणि त्या भरात ती माझ्याकडे वळली. "आणि तुम्हाला काय लागलं?"

"द्राक्षासव," मी म्हणालो. मग इंग्रजीत फोड करून सांगितलं. आजी द्यायची ते औषध, जेवणानंतर दोन चमचे, तेवढंच पाणी घालून.

तेव्हा ती माफी. "यांना सवय नाही हो. भारतातून आलेत."

हा स्वतः तासगावचा! बेदाण्यांच्या ढिगात वाढलेला!

आता बघा. टेबलावरच्या छापील कागदात मनुका, लवंग, दालचिनी, जायफळ असं सगळं लिहिलं होतं. द्राक्षासवात दुसरं काय असतं? तिथे गूळ नि धायटीची फुलं घालून आंबवतात. इथे द्राक्षाचा रस अर्धवट आंबला की सत्त्याहत्तर टक्क्यांचं द्राक्षाचंच कडक स्पिरिट ओततात. आंबणं थांबतं, गोडवा राहतो, दारू वीस टक्क्यांवर जाते. जिन्नस सुटे सुटे म्हटले की जाणकार, एकत्र म्हटले की गावंढळ. त्यांच्या अंगणातला कुत्रा वहीत जातो, माझ्या आजीच्या फडताळातल्या बाटलीसाठी माफी मागावी लागते. आणि सवय नाही म्हणे! साडूच्याच घरी दर मे महिन्यात गोव्याहून पोर्ट वाइन यायची, टॉवेलात गुंडाळून, मागच्या सीटखाली. तिचा या पोर्टोशी नावापुरताच संबंध, पण त्याची आत्या 'रक्त वाढतं' म्हणून वाटीभर घ्यायची आणि मग पत्त्यांत सगळ्यांना हरवायची. ती सवय नव्हती तर काय होतं?

खरं सांगू? मला त्याआधी दिलेली वीस वर्षांची टॉनी पोर्ट जास्त आवडली. ती पिंपातच मुरते, रंगाने तांबूस होते, अक्रोड-बदामासारखी लागते, आणि स्वस्तही असते. तसं म्हटलं तर साडू म्हणाला, "ती काय दादा, कुणालाही आवडते."

या वाक्यावर मी अजून विचार करतोय. कुणालाही आवडणं हा पदार्थाचा दोष कधीपासून झाला? उद्या आमरसालाही हेच म्हणतील.

रात्री घरच्या ग्रुपवर साडूने फोटो टाकला. मी ग्लास धरून कपाळाला आठ्या घालून बसलोय. खाली ओळ: 'दादांना १९८५ चं औषध!' हसणारी तोंडं पटापट येऊ लागली. बायकोने तर माझ्या शेजारी बसून अंगठा दिला. शेवटी सासूबाईंचा निरोप आला: 'जावईबापूंना खोकला झालाय का? गरम पाणी घ्यायला सांगा.'