नव्वद अंशांचा घोळ

बॉल व्हॉल्व्हइतके सरळ यंत्र दुसरे नसावे, असे मी त्या दिवसापर्यंत मानत होतो. धातूचा एक गुळगुळीत गोळा आणि त्याला आरपार भोक. भोक पाइपाच्या रेषेत आले की प्रवाह चालू, गोळा ९० अंश फिरला की बंद. कंट्रोल व्हॉल्व्ह म्हटले की डोक्यावर हवेच्या जोरावर गोळा फिरवणारा ॲक्च्युएटर आणि त्याला किती फिरायचे ते सांगणारा पोझिशनर, एवढीच काय ती भर. म्हणूनच, अशा एका व्हॉल्व्हच्या सीटा, म्हणजे गोळ्याला दोन्ही बाजूंनी टेकणाऱ्या कड्या, आणि पॅकिंग, म्हणजे गोळा फिरवणाऱ्या दांड्याभोवती गळती अडवणारे भरण, बदलायला किती वेळ लागेल असे कंट्रोल रूममधून विचारले गेले, तेव्हा मी क्षणाचाही विचार न करता ‘दोन तास’ असे सांगून टाकले. हे दोन तास पुढे आमच्या विभागात कालगणनेचे स्वतंत्र एकक झाले.

दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करून त्यांना कुलपे लावली होती आणि लाइन रिकामी केली होती. मी पाना उचलणार, तोच आमचे ज्येष्ठ फिटर, ज्यांना सगळे काका म्हणतात, शांतपणे म्हणाले, “साहेब, लाइन रिकामी झाली, पण गोळ्याच्या पोटातले काय?” व्हॉल्व्ह बंद असताना दोन सीटांच्या मधल्या पोकळीत आणि गोळ्याच्या भोकात दाबाखालचे पाणी कोंडलेले राहते आणि लाइनचे ड्रेन त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवलेले ज्ञान होते, पाना हातात आल्यावर ते कुठे जाते, हे परीक्षेत विचारत नाहीत. काकांनी व्हॉल्व्ह अर्धा उघडायला लावला. आतून जो फुत्कार आला, तो ऐकून मी पाना खाली ठेवला आणि चष्मा नीट बसवला.

मग त्यांनी व्हॉल्व्ह पुन्हा पूर्ण बंद करायला सांगितले. जे उघडायचे आहे ते आधी बंद का करायचे, हा माझा प्रश्न त्यांनी उत्तर देण्याच्या योग्यतेचा मानला नाही. उत्तर नंतर समोरच दिसले : स्टेमच्या, म्हणजे गोळा फिरवणाऱ्या दांड्याच्या, खालची चपटी जीभ गोळ्यावरच्या खाचेत बसलेली असते आणि व्हॉल्व्ह बंद असतानाच ती खाच पाइपाच्या दिशेने येते, त्यामुळे गोळा अलगद सरकून बाहेर येतो. ॲक्च्युएटर आम्ही अख्खाच उतरवला. त्याच्या आत दाबून बसवलेल्या स्प्रिंगा कोणाचीही ज्येष्ठता पाहत नाहीत.

राहिला स्टेम. पॅकिंगला दाबून धरणारी ग्लँड सोडवली, जुने पॅकिंग उकरून काढले आणि स्टेम वर ओढू लागलो. तो हलेना. मी त्याला तेल पाजले, हलक्या हातोडीने समजावले, पकडीत धरून फिरवत फिरवत ओढले. पंधरा मिनिटांनी माझा श्वास सुटला, स्टेम मात्र जागचा सुटला नाही. काका आले, त्यांनी वरून दोन बोटांनी तो दाबला आणि स्टेम खाली बॉडीच्या पोटात टुपकन उतरला. आतल्या दाबाने स्टेम गोळीसारखा वर उडू नये म्हणून त्याच्या खालच्या टोकाला रुंद कॉलर असतो आणि स्टेम आतूनच घालावा व आतूनच काढावा लागतो. म्हणजे ज्या रचनेचे प्रयोजनच ‘काही झाले तरी हा वर येऊ नये’ असे आहे, तिच्याशी मी पाऊण पाळीचा जोर खर्चून भांडत होतो. रचना उत्तम होती, एवढी ग्वाही मी आता अनुभवाने देऊ शकतो.

येथपर्यंतच्या अपमानावर माझ्याकडे एक उतारा होता. सुटे करताना मी प्रत्येक जोडावर मार्करने सुबक खुणा केल्या होत्या. ॲक्च्युएटरची चौकोनी खोबण स्टेमवर चार प्रकारे बसू शकते, त्यांतला योग्य तो कोणता, हे सांगणारी खूण तर मी दोनदा गिरवली होती. त्यानंतर सर्व भाग स्वच्छ करण्याची पाळी आली. स्वच्छतेच्या बाबतीत मी तडजोड करीत नाही. प्रत्येक भाग सॉल्व्हंटमध्ये बुडवून, ब्रशने घासून मी असा लख्ख केला, की त्यावर गंज, मळ आणि खुणा यांपैकी काहीही उरले नाही.

जोडणी मात्र झरझर झाली. नव्या टेफ्लॉन सीटांना स्क्रू ड्रायव्हर लागू दिला नाही, बॉडीचे बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी टॉर्क रेंचने आवळले आणि शेवटी टेबलावर एकही भाग उरला नाही. काकांनी रिकाम्या टेबलाकडे संशयाने पाहिले, त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

पोझिशनरला विजेचा सिग्नल मिळतो : ४ मिलिॲम्पिअर म्हणजे पूर्ण बंद, २० म्हणजे पूर्ण उघडा. चाचणीसाठी ४ मिलिॲम्पिअर दिले. व्हॉल्व्हची स्थिती दाखवणाऱ्या दर्शकाने ‘बंद’ दाखवले. मी व्हॉल्व्हच्या उघड्या तोंडाशी साबणाचे पाणी लावायला वाकलो आणि मागून कमी दाबाची हवा सोडायला सांगितले. गळती मोजण्याची गरजच पडली नाही, कारण सगळी हवा आरपार आली आणि साबणाचे सगळे पाणी माझ्या चेहऱ्यावर बसले. ॲक्च्युएटर ९० अंश चुकून बसला होता. दर्शक बंद म्हणत होता तेव्हा गोळा सताड उघडा होता. “साहेब,” काका रुमाल पुढे करीत म्हणाले, “स्टेमच्या माथ्यावर भोकाची दिशा दाखवणारी रेघ कोरलेली असते. ती सॉल्व्हंटने जात नाही.”

ती रेघ पाहून ॲक्च्युएटर पुन्हा बसवला. आता हवा थांबली, पण सिग्नल ८ वर नेला तरी व्हॉल्व्ह ढिम्म, आणि पुढे एकदम निम्म्यापर्यंत उडी. ग्लँडवरच्या बशीसारख्या स्प्रिंग वॉशर एक आड एक उलट ठेवायच्या असताना मी त्या एकाच दिशेने, ताटल्या रचाव्यात तशा नीटनेटक्या रचल्या होत्या; त्यामुळे त्यांची लवचीकता जाऊन पॅकिंगने स्टेमचा गळाच आवळला होता. टेबलावर काही उरले नव्हते ते खरे; सगळे काही आत होते, फक्त पालथे.

दिवेलागणीला व्हॉल्व्ह १२ मिलिॲम्पिअरला बरोबर निम्म्यावर थांबला. कंट्रोल रूममधून चौथ्यांदा फोन आला, तेव्हा काकांनीच तो घेतला आणि “झालेच, दोन तास,” असे सांगून ठेवून दिला. मग त्यांनी पलीकडच्या स्टँडवर वाट पाहत असलेल्या याच मापाच्या दुसऱ्या व्हॉल्व्हकडे मान वळवली. मी मार्कर खिशातून काढून कचऱ्याच्या पेटीत टाकला आणि अवजारांच्या पेटीत धातूवर खूण ठोकायचा सेंटर पंच शोधू लागलो.