बंद करणारी चावी बंद कशी करावी

घरातील ज्या वस्तूंकडून आपण वर्षानुवर्षे कोणतेही काम करून घेत नाही आणि तरीही ज्यांच्यावर गाढ विश्वास ठेवतो, त्यांत पाण्याच्या मुख्य चावीचा क्रमांक फार वरचा आहे. नळाचे वायसर बदलण्यासाठी मी ती फिरवली, तेव्हा तिने पाणी पुरते थांबवले नाहीच, उलट जो दांडा आजवर कोरडा ठणठणीत होता, त्याच्या मुळाशी स्वतःच गळू लागली.

वेग सेकंदाला एक थेंब. घरच्यांनी खाली बादली ठेवली आणि दुरुस्ती झाली असे जाहीर केले. मी हिशेब मांडला: दिवसाचे सेकंद 86,400, साधारण 20 थेंबांचा एक मिलिलिटर, म्हणजे रोजचे चार लिटरांहून अधिक पाणी वाया. "वाया कशाने? फरशी पुसता येईल," असे म्हणून हिने माझ्या गणितातील हवाच काढून घेतली. वर "तुम्ही हात लावेपर्यंत गळत नव्हती," हेही ऐकवले. दुर्दैवाने यांत्रिकीच्या दृष्टीने हा आरोप खरा होता. आमची चावी म्हणजे जुन्या पद्धतीचा गेट व्हॉल्व्ह. वरचे चाक फिरवले की दांडा फिरतो आणि आतील पितळी पाचर खाली-वर होते. दांडा जेथून बाहेर येतो, तेथे त्याच्याभोवती पॅकिंगची दोरी असते आणि तिला ग्लँड नट दाबून धरतो. चावी फिरलीच नाही, तर पॅकिंग कडक होते, दांड्यावर क्षार साचतात आणि पहिल्याच फेऱ्यात ते क्षार पॅकिंगला ओरबाडतात.

आता पाणी बंद करणारी चावी दुरुस्त करायची, तर पाणी बंद करायला तिच्या मागची चावी हवी. तीही याच वयाची आणि बहुधा याच स्वभावाची. तिला हात लावावा आणि तीही गळू लागावी, मग तिच्याही मागची शोधावी, या न्यायाने मी थेट धरणाच्या दरवाजापर्यंत पोहोचलो असतो.

इतक्यात शेजारचे काका टेफ्लॉन टेप घेऊन आले आणि त्यांनी ओल्या दांड्याला जखमेवर पट्टी बांधावी तशी ती गुंडाळली. ही टेप आट्यांवर, जोड बसवण्यापूर्वी गुंडाळायची असते, आतून दाब असलेले पाणी तिला बाहेरून जुमानत नाही, हे मी सांगेपर्यंत पाण्यानेच सिद्ध करून दाखवले.

वास्तविक ग्लँड नट आवळायला पाणी बंद करावेच लागत नाही. एका पान्याने व्हॉल्व्ह धरायचा, म्हणजे पाइपाच्या जोडावर ताण येत नाही, आणि दुसऱ्याने नट अगदी किंचित, पाव फेऱ्याहूनही कमी फिरवायचा. अवघड भाग असतो तो प्रेक्षकांचा. "अजून आवळा" असे प्रत्येक जण म्हणतो. तसे करत राहिल्यास गळती थांबते हे खरे, पण चाकही थांबते, आणि घराला एक अत्यंत कोरडी, अत्यंत निरुपयोगी चावी लाभते.

थेंब थांबले. पाणी मात्र पूर्ण बंद होईना, कारण पाचर जेथे टेकते तेथेही क्षारांचा थर होता. अखेर प्लंबर आले. त्यांनी बॉल व्हॉल्व्ह सुचवला: दांडी पाइपाच्या रेषेत असली की चालू, आडवी केली की बंद, सगळा कारभार पाव फेऱ्याचा. मी सुटकेचा श्वास सोडत विचारले, "म्हणजे ग्लँडची कटकट संपली?"

"त्यालाही दांडा आहे साहेब," ते पाने काढत म्हणाले, "अधूनमधून फिरवत जा."