कॅगचा अहवाल २०३१ साली नको, हिशोब आत्ता हवा

२०३० ची राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा अहमदाबादला मिळाली याचा मला मनापासून आनंद आहे. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून कुणी 'हिला देशाचं काही चांगलं बघवत नाही' असं म्हणायला नको. १९३० साली कॅनडातल्या हॅमिल्टनला सुरू झालेल्या या स्पर्धेचं शंभरावं वर्ष आपल्याकडे साजरं होणार आहे.

घरचं मैदान काय करतं ते दिल्लीत २०१० साली दिसलं. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत दहा हजार मीटरला ब्राँझ घेऊन गेली. ट्रॅकवर वैयक्तिक राष्ट्रकुल पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. थाळीफेकीत तर तिन्ही पदकं आपल्या मुलींची! कृष्णा पुनियाचं सुवर्ण हे मिल्खासिंगनंतर, म्हणजे १९५८ नंतर, ॲथलेटिक्समधलं आपलं पहिलं राष्ट्रकुल सुवर्ण होतं. एकूण १०१ पदकं, त्यातली ३८ सुवर्ण.

आणि आज 'दिल्ली २०१०' म्हटलं की लोक काय म्हणतात? घोटाळा. त्या खेळाडूंवर याहून मोठा अन्याय नाही.

हे का झालं, तर माझ्या मते मूळ कारण घाई. दिल्लीला यजमानपद २००३ च्या नोव्हेंबरात मिळालं होतं. सात वर्षं हातात होती. पहिली कित्येक वर्षं वाया गेली आणि मग 'आता वेळ नाही' हे एकच उत्तर प्रत्येक प्रश्नाला मिळू लागलं. निविदेचे नियम? वेळ नाही. मजुरांची सुरक्षा? वेळ नाही. उद्घाटनाला दोन आठवडेही उरले नसताना जवाहरलाल नेहरू स्टेडियमजवळचा पादचारी पूल कोसळला आणि २७ मजूर जखमी झाले. कामाच्या ठिकाणी मजुरांना किमान वेतनही मिळत नाही, हे उच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीला सांगावं लागलं. अनुसूचित जातींच्या कल्याणासाठी ठेवलेले शेकडो कोटी रुपये स्पर्धेच्या कामांकडे वळवले गेले. हे वाचलं तेव्हा मला जो संताप आला होता तो अजून गेलेला नाही. सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगचा सविस्तर अहवाल संसदेत आला ऑगस्ट २०११ मध्ये. स्पर्धा संपून दहा महिने झाले होते, पैसा खर्च होऊन गेला होता.

अहमदाबादकडे पाच वर्षंही नाहीत. एक लाख बत्तीस हजार प्रेक्षकांचं मोटेरा स्टेडियम आहे, नारणपुऱ्याचं क्रीडा संकुल २०२५ मध्ये सुरू झालं, म्हणजे सुरुवात शून्यापासून नाही. पण २०३६ च्या ऑलिंपिकचीही इच्छा आहे, त्यामुळे बांधायचा उत्साह मोठा असणार. ग्लासगोने २०२६ साठी फक्त दहा खेळ आणि चार ठिकाणं ठरवली, कारण मूळ यजमान असलेल्या ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने खर्च झेपत नाही म्हणून २०२३ मध्ये अंग काढून घेतलं होतं. आपण अगदी तेवढंच करावं असं नाही, पण जुनं वापरून भागत असेल तर नवं बांधू नये. बालेवाडीचं संकुल १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभं राहिलं आणि २००८ ची युवा राष्ट्रकुल स्पर्धाही पुण्याने तिथेच घेतली.

माणसांचा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळतो. साबरमती रिव्हरफ्रंट आज सुंदर दिसतो. त्यासाठी नदीकाठची हजारो कुटुंबं हलली, प्रकरण गुजरात उच्च न्यायालयात गेलं, आणि कित्येकांना पक्कं घर मिळेपर्यंत शहराबाहेर धड सोयी नसलेल्या जागी दिवस काढावे लागले. पोरांच्या शाळा सुटल्या, बायकांची धुण्याभांड्याची कामं गेली. स्पर्धेसाठी कुणाला हलवायचं असेल तर आधी घर, शाळा आणि बस, मगच बुलडोझर. हा क्रम उलटला की २०३० ची तारीख त्या गरिबाच्या डोक्यावर बसते.

म्हणून दर तीन महिन्यांनी सगळा हिशोब लोकांसमोर ठेवा. कुठलं काम, कुणाला दिलं, किती रुपयांत, वाढीव खर्च किती आणि का, किती मजूर नोंदलेले, किती कुटुंबं हलवली आणि कुठे. कॅगनेही काम चालू असतानाच तपासावं. आणि प्रत्येक नव्या मैदानाच्या मंजुरीच्या कागदावरच लिहिलेलं असावं की २०३१ मध्ये तिथे कोण सराव करणार आणि देखभालीचा खर्च कोण देणार.

माझ्या मित्रयादीत अहमदाबाद-बडोद्याची बरीच मराठी मंडळी आहे. तुम्ही तिथले मतदार आहात. तुमच्या नगरसेवकाला आणि आमदाराला हे प्रश्न यंदाच विचारा, आणि काय उत्तर मिळालं ते इथे लिहा.