आकडा जगवा, झाडांचं पुढे बघू

वृक्षारोपण समितीवर तुमची वर्णी लागली, अभिनंदन. आता एकच गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: मोजायची ती रोपं, आणि मोजायची ती लावण्याच्या दिवशी. तीन वर्षांनी झाडं मोजायला जाणं म्हणजे स्वतःच्याच पायावर धोंडा. 10 एप्रिल 1872 ला अमेरिकेतला पहिला वृक्षदिन नेब्रास्का राज्यात झाला. त्या दिवशी सुमारे 10 लाख झाडं लागली, असं आजही कौतुकाने सांगितलं जातं. त्यातली जगली किती, हे कौतुकात बसत नाही.

खड्ड्यापासून सुरुवात करा. जाणकार म्हणतील की खड्डा मुळांच्या गोळ्याइतकाच खोल आणि त्याच्या दोन-तीन पट रुंद हवा, कारण नवी मुळं आधी आडवी पसरतात. तुम्ही यंत्राने अरुंद, खोल भोकं पाडा. जमीन ओली, चिकणमातीची असेल तर फारच छान: फिरत्या पात्याने भोकाच्या कडा लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात आणि मुळं आतल्या आत गोल फिरत बसतात. पिशवी काढण्यात वेळ घालवू नका. काढावीच लागली तर तळाशी गुंडाळी झालेली मुळं कापू किंवा सोडवू नका. तीच पुढे जाड होऊन खोडाला फास घालतात. त्याला बरीच वर्षं लागतात, तोवर समिती बदललेली असते.

रोप खोल गाडा. खोड जिथे रुंदावून मुळांत उतरतं तो भाग मातीवर दिसायला हवा म्हणे. तुम्ही त्यावर वीतभर माती चढवा आणि पालापाचोळ्याचा ढीग थेट खोडाला टेकवून रचा. हाच पाचोळा 5 ते 10 सेंटिमीटर जाडीने, खोडापासून चार बोटं लांब पसरला तर ओल टिकते आणि तण दबतं. टेकवला की साल कुजते.

पाणी पहिल्या दिवशी, कॅमेऱ्यासमोर. पुढे कधी टँकर आलाच तर पाइपाचा जोरदार फवारा मारत न थांबता निघून जायचं. वरची बोटभर माती भिजते, कागदावर पाळी लागते. (एका रोपाला सावकाश 15-20 लिटर सोडलं तर ओल खोल जाते आणि मुळंही तिच्यामागे खाली जातात. पण तेवढा वेळ उभं राहणार कोण?) आधाराची काठी तारेने करकचून बांधा आणि विसरा. साधारण वर्षाने ती काढायची असते. न काढल्यास झाड जाड होत जातं, तार आहे तेवढीच राहते.

जात एकच निवडा. रोपवाटिकेत जी उरली असेल ती. अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रँक सँटामोर यांनी 1990 मध्ये एक आडाखा सुचवला: गावातल्या एकूण झाडांत एका जातीची 10, एका प्रजातीची (म्हणजे जवळच्या जातींच्या गटाची) 20 आणि एका कुळाची (म्हणजे अशा गटांच्या मोठ्या समूहाची) 30 टक्क्यांहून जास्त नकोत. हे पाळलं तर रांग एकसारखी कशी दिसणार? उत्तर अमेरिकेतल्या शहरांनी एल्मच्या देखण्या रांगा लावल्या होत्या. बुरशीच्या रोगाने एल्म गेले, तेव्हा कितीतरी ठिकाणी त्यांच्या जागी अ‍ॅशच्या तितक्याच देखण्या रांगा आल्या. 2002 मध्ये मिशिगनात अ‍ॅश पोखरणारा हिरवा भुंगा सापडला आणि तेव्हापासून त्या रांगाही पडताहेत. एकसारखेपणा मात्र शेवटपर्यंत टिकला.

चुकून झाड वाढलंच, तर छाटणी आहे. शेंडा आणि मोठ्या फांद्या मधूनच सपाट उडवा. पानं गेली की झाड साठवलेलं अन्न खर्च करून धुमाऱ्यांची झुंबड काढतं. लोकांना वाटतं, वा, काय जोमाने फुटलंय! हे धुमारे सालीलगतच चिकटलेले असतात, खाली खुंट कुजत जातो आणि एखाद्या वादळात सगळं खाली येतं. मग झाड धोकादायक ठरवून तोडायला लेखी कारणही मिळतं.

तीन कापांच्या पद्धतीचं नाव काढू नका. त्यात पहिला काप खोडापासून हातभर अंतरावर खालून अर्धवट, दुसरा त्याच्या थोडा पुढे वरून, म्हणजे फांदीच्या वजनाने साल सोलत जात नाही. आणि उरलेला खुंट बुडाशी असलेल्या फुगीर कड्याच्या अगदी बाहेर कापायचा. ते कडं शाबूत राहिलं तर झाड जखम स्वतः बंदिस्त करतं. तुम्ही कडंही तासून काढा आणि वर तेलरंग फासा. रंगाने कुज थांबत नाही, पण काळजी घेतल्यासारखं दिसतं.

झाडाशेजारून चर खणायचा असेल तर बेलाशक खणा. पाणी शोषणारी बहुतेक मुळं वरच्या दोनेक फुटांत असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही लांबवर जातात, त्यामुळे एका चरात निम्मी सहज तुटतात. शेंडा वाळायला काही वर्षं लागली, की दोष हवामानाला देता येतो.

उरलं पर्यावरण शिक्षण. घोषणा, फेरी, चित्रकला स्पर्धा एवढ्यावर भागवा. चित्रातलं झाड मरत नाही. एकच पथ्य पाळा: मुलांच्या हाती मोजपट्टी आणि वही देऊ नका. जमिनीपासून 1.3 मीटरवर खोडाचा घेर कसा घ्यायचा, हे दहा मिनिटांत येतं. मग ती दर महिन्याला त्याच झाडाकडे जातात, पालवी कधी आली, फूल कधी आलं, साल कुठे सोलली याची नोंद ठेवतात. पाठोपाठ प्रश्न येतात: क्रमांक 14 ची तार का काढली नाही? क्रमांक 22 ते 40 पर्यंत नुसतेच खड्डे का? अशी वही तयार झालीच, तर हस्ताक्षर चांगलं म्हणून तिला बक्षीस द्या आणि परीक्षणासाठी ताब्यात घ्या.