उन्हात धावणे आणि थांबण्याची मुभा

आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी मे महिन्यात मॅरेथॉन घ्यावी की नाही, यावर गावाकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जोरात वाद चालू आहे. एक बाजू म्हणते, "आमाले उनाचं काय सांगता, आमी त उनातच वाढलो". दुसरी बाजू एप्रिल २०२३ मध्ये खारघरच्या महाराष्ट्र भूषण पुरस्कार सोहळ्यात उष्माघाताने दगावलेल्या माणसांची आठवण देऊन असले कार्यक्रम बंदच करा म्हणते. स्वीडनमधल्या स्टॉकहोमची उन्हाळी मॅरेथॉन धावणाऱ्या मला दोघांचेही पूर्ण पटत नाही.

स्टॉकहोमची ही शर्यत मेअखेरीस किंवा जूनच्या आरंभी भर दुपारी सुटते. हवा विदर्भाच्या मानाने गारच, पण धावणाऱ्याच्या स्नायूंतच इतकी उष्णता तयार होते की तिशीच्या किलोमीटरांत पोटऱ्यांना गोळे येतात आणि कपाळावर मिठाचा थर हाताला लागतो. वाटेत ओले स्पंज आणि खारवलेली काकडी मिळते. शेवट होतो तो १९१२ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेल्या स्टेडियमात. त्या ऑलिंपिकची मॅरेथॉन १४ जुलैच्या कडक उन्हात झाली. पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो वाटेत कोसळून दुसऱ्या दिवशी वारला, तर जपानचा शिझो कानाकुरी मध्येच थांबला आणि आयोजकांना न कळवताच मायदेशी परतला. १९६७ मध्ये स्वीडिश लोकांनी त्याला सन्मानाने बोलावून राहिलेली शर्यत पूर्ण करायला लावली.

शरीराला उन्हाची सवय होते, हे खरेच. दहा-पंधरा दिवसांत घाम लवकर सुटू लागतो. पण आपल्याकडच्या कोरड्या हवेत तो दिसण्याआधीच वाळतो, त्यामुळे किती पाणी गेले ते कळत नाही. शिवाय उनातच वाढलेला शेतमजूर पहाटे शेतात जातो आणि दुपारी बाभळीखाली बसतो. त्याला थांबणे ठाऊक असते, हे आपले ग्रुपवरचे वीर सोयीस्करपणे विसरतात.

मला खरी काळजी मॅरेथॉनची नाहीच. मी शर्यत सोडली तर फक्त नोंदणीचे पैसे बुडतात. पोलीस भरतीसाठी पहाटे चारला डांबरी रस्त्यावर धावणाऱ्या आमच्याकडच्या पोरापोरींना ही चैन नाही. मुलांच्या १६०० आणि मुलींच्या ८०० मीटरवर गुण ठरतात आणि गुणांवर घरची सगळी आशा टांगलेली असते, त्यामुळे भोवळ आली तरी ती थांबत नाहीत. मैदानी चाचणी उन्हाळ्यात आलीच, तर शेवटचा नंबर सकाळी नऊच्या आत धावून व्हावा, कोसळलेल्याला दवाखान्यात हलवण्याआधी मैदानावरच बर्फाच्या पाण्यात गार करण्याची सोय असावी आणि जो मध्येच थांबला त्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा धावू द्यावे. ग्रुपवरच्या दोन्ही बाजूंनी सह्या करायच्याच असतील, तर त्या या अर्जावर कराव्यात.