आधी चौकाचा कोपरा दुरुस्त करा

शहरातल्या रस्त्यावर पादचाऱ्याला किंवा सायकलस्वाराला वाहनाची धडक बसली की चर्चा ठरलेल्या दोन प्रश्नांभोवती फिरते: चालक बेदरकार होता का, आणि पादचारी भलत्याच ठिकाणी रस्ता ओलांडत होता का. त्या जागी रस्ता किती रुंद होता, वळणाचा कोपरा कसा होता, हे सहसा कोणी विचारत नाही. माझ्या मते चौकशी तिथूनच सुरू व्हायला हवी, कारण दंड, जनजागृती सप्ताह आणि हेल्मेटसक्ती या सगळ्यांपेक्षा रस्त्याची मापे चालकाच्या वागण्यावर अधिक परिणाम करतात.

आधी वेगाचा हिशेब मांडतो. ताशी 30 किलोमीटर वेगाने जाणारे वाहन सेकंदाला सुमारे 8 मीटर अंतर कापते. समोर अचानक मूल आले आणि ते लक्षात येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला असे धरले, तर कोरड्या रस्त्यावर ते वाहन साधारण 13 मीटरवर थांबते. तेच वाहन ताशी 50 किलोमीटरने येत असेल, तर त्या एका सेकंदातच ते जवळजवळ 14 मीटर पुढे आलेले असते. म्हणजे पहिले वाहन जिथे पूर्ण थांबले, त्या जागेवरून दुसरे वाहन ब्रेक लागण्याआधीच पूर्ण वेगाने निघून जाते. ‘वेग थोडाच जास्त होता’ असे म्हणणाऱ्यांनी हे गणित एकदा कागदावर करून पाहावे.

मग 30चा फलक लावला की काम झाले का? सरळ, मोकळा आणि साडेतीन मीटर किंवा त्याहून रुंद मार्गिकांचा रस्ता चालकाला जोरात जायला सांगत असतो, कडेचा फलक हळू जा म्हणत असतो, आणि या दोघांत चालक रस्त्याचेच ऐकतो. बस सुमारे अडीच मीटर रुंद असते, तेव्हा शहरात 3 ते 3.3 मीटरची मार्गिका पुरते. उरलेली जागा फुटपाथला आणि सायकलींना देता येते.

पण मला सर्वांत जास्त बोलायचे आहे ते चौकाच्या कोपऱ्याबद्दल. कोपरा मोठ्या गोलाईचा केला की वाहनाला वळताना वेग कमी करावा लागत नाही आणि त्याच वेळी पादचाऱ्याने ओलांडायचे अंतर कित्येक मीटरने वाढते. शिवाय गोलाईतून वळणारा चालक येणाऱ्या वाहनांकडे पाहत असतो, ज्या बाजूने माणूस रस्त्यावर उतरतो त्या बाजूला नाही. सिग्नलच्या वेळा ठरवताना चालण्याचा वेग अनेकदा सेकंदाला 1.2 मीटर धरतात. 15 मीटरच्या रस्त्याला त्या हिशेबाने साडेबारा सेकंद पुरतात, पण सेकंदाला 0.8 मीटर चालणाऱ्या वृद्धाला जवळपास 19 सेकंद लागतात, आणि तो मध्यभागी असतानाच दिवा बदलतो. कोपरा आवळला, मध्ये थांबायला पुरेसा रुंद दुभाजक ठेवला आणि कोपऱ्यापासून काही मीटरपर्यंतचे पार्किंग काढून टाकले की हे प्रश्न बऱ्याच अंशी सुटतात. गल्लीच्या तोंडाशी फुटपाथ तोडून माणसाला खाली उतरवण्याऐवजी फुटपाथ त्याच उंचीने पुढे न्यावा आणि चढ वाहनाला चढू द्यावा.

सायकल मार्गिकेच्या नावाखाली नुसता रंग मारण्याबद्दल माझे मत कठोर आहे: वेगवान वाहतुकीलगतच्या रंगाच्या पट्ट्याने कोणाचे संरक्षण होत नाही, उलट तिथे आयती पार्किंगची सोय होते. पट्टा उभ्या गाड्यांच्या शेजारून नेला, तर अचानक उघडलेले दार सायकलस्वाराला थेट वाहतुकीत फेकते. मार्गिका उभ्या गाड्या आणि फुटपाथ यांच्यामध्ये असावी, आणि गाडीच्या बाजूला दार उघडेल एवढी जागा सोडलेली असावी. (गटारावरच्या जाळीच्या पट्ट्याही चाकाच्या दिशेला आडव्या हव्यात, उभ्या पट्ट्यांत बारीक टायर अडकला की सायकलस्वार तोंडावर आपटतो. आराखडा करणाऱ्याने स्वतः सायकल चालवली असती तर हे सांगावे लागले नसते.) अरुंद रस्त्यावर मात्र वेगळ्या मार्गिकेचा हट्ट नको. तिथे वेग खरोखर 30च्या आत आणला आणि आरपार जाणारी वाहने दुसरीकडे वळवली, तर सगळे एकत्र चालू शकतात.

हे फक्त श्रीमंत किंवा मुळातच शिस्तीच्या समाजांना जमते, असा आक्षेप नेहमी येतो. नेदरलँड्समध्ये 1971 साली रस्त्यांवर 400हून अधिक मुले दगावली होती. ‘मुलांची हत्या थांबवा’ या नावाची चळवळ उभी राहिल्यावर आणि तेलटंचाईचा फटका बसल्यावर तिथले रस्ते हळूहळू बदलत गेले. नॉर्वेची राजधानी ऑस्लो हिने वेगमर्यादा उतरवल्या, मध्यवर्ती भागातले शेकडो पार्किंग काढले, आणि 2019 साली तिथे एकही पादचारी किंवा सायकलस्वार वाहतूक अपघातात मेला नाही.

कोपरा आवळला तर माल कुठे उतरवायचा ही दुकानदारांची आणि बंब वळेल का ही अग्निशमन दलाची शंका मात्र मी झटकून टाकणार नाही, कारण ती मोजून सोडवता येते. प्लास्टिकचे खांब आणि रंग एवढ्या सामानात एखाद्या कोपऱ्याची गोलाई तात्पुरती कमी करता येते. तिथून सर्वांत लांब बंब आणि बस वळवून पाहावी, जिथे अडेल तिथे खांब सरकवावेत, माल उतरवण्यासाठी सकाळची वेळ आणि जागा आखून द्यावी, आणि पूर्वीचा व नंतरचा वळणाचा वेग मोजून तो चौकातच फलकावर लिहून लावावा. काही आठवड्यांनी खांबांवरचे ओरखडे आणि रंगावरचे टायरचे ठसे पाहिले की कायमचा दगड नेमका कुठे बसवायचा, हे अभियंत्याला तिथेच दिसते.